घरात ‘वुल्फडॉग’ आणि दोन लहान मुले : जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा

प्रश्न : दारव्ह्याकडची सून

सर्वांना नमस्कार. आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, गावापासून साधारण एक किलोमीटरवर, वावरातच आहे. घरात मामाजी (सासरे), सासूबाई, आम्ही पतिपत्नी, धाकटे दीर आणि माझी दोन मुले राहतात. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मुलगी अकरा महिन्यांची असून सध्या मिळेल त्याला धरून उभी राहते, दोन पावले टाकते आणि पडते.

गेल्या आषाढात दिरांनी पुण्याकडून एक पिल्लू आणले. विकणाऱ्याशी ओळख मोबाइलवरूनच झाली होती. त्याने साठ हजार रुपये घेतले, हे ‘वुल्फडॉग’, म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातले, ‘पंच्याहत्तर टक्के’ लांडग्याचे पिल्लू आहे असे सांगितले आणि कागद म्हणून बापाचा फोटो छापलेले एक रंगीत कार्ड हाती दिले. दिरांच्या मनात वाईट काही नव्हते. तूर शेंगांवर आली की रानडुकरे आणि रोही (नीलगाई) एका रात्रीत अर्धा एकर आडवा करतात, जागलीला माणूस मिळत नाही, तेव्हा असा दमदार प्राणी धुऱ्यावर असला की जनावरे फिरकणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. पिल्लू आले तेव्हा सहा आठवड्यांचे होते; आज ते सात महिन्यांचे आहे आणि माझ्या मांडीपर्यंत उंच झाले आहे. नाव शेरा.

आता माझी भीती सांगते. शेळीचे करडू उड्या मारू लागले की शेरा मान खाली घालतो, खांदे दुमडतो आणि पोट जमिनीला लागेल इतका वाकून पुढे सरकतो. या सगळ्यात तो भुंकत नाही. गावठी कुत्रा आधी भुंकून घर डोक्यावर घेतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. याचा मात्र श्वाससुद्धा ऐकू येत नाही. गेल्या रविवारी मुलगी ओट्यावरून तोल जाऊन धपकन बसली आणि किंचाळली. शेरा कडुनिंबाखाली झोपलेला होता. तो एका क्षणात उठला, त्याचे कान पुढे झाले आणि करडासमोर घेतो तोच वाकलेला पवित्रा त्याने माझ्या मुलीसमोर घेतला. साखळी ताणली गेली म्हणून तो थांबला. दीर म्हणतात की तो खेळायला येत होता. मामाजी काहीच बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ते ओट्यावर काठी घेऊन बसतात.

पाच फुटांची जाळी तो दोनदा चढून गेला आहे आणि गोठ्याच्या भिंतीखाली त्याने हात जाईल एवढा खड्डा खणला आहे. पहाटे तीनच्या सुमारास तो हेल काढून ओरडतो, तेव्हा शेजारच्या वस्तीवरचे लोक लांडगा आला म्हणून टॉर्च घेऊन बाहेर पडतात. असा प्राणी लहान मुलांच्या घरात ठेवता येतो का, शिकवून तो बदलेल का, आणि कायद्याने आम्ही कुठे उभे आहोत, हे कोणी सांगेल का?

उत्तर १ : गुरांचा डॉक्टर (निवृत्त), अमरावती

ताई, आधी तो ‘पंच्याहत्तर टक्के’ हा आकडा मनातून काढून टाका. पहिल्या पिढीत अर्धा लांडगा आणि अर्धा कुत्रा असा हिशेब बसतो. त्यापुढे एकाच वेताच्या चार पिल्लांमध्येही लांडग्याचा अंश कमीअधिक उतरतो आणि रंग, डोळे किंवा शेपटी पाहून तो कोणालाही सांगता येत नाही. जर्मन शेफर्ड आणि हस्की यांच्या संकरातली पिल्लेही लांडग्यासारखी दिसतात आणि त्याच नावाने चढ्या भावात विकली जातात. नक्की काय ते फक्त जनुकीय तपासणीतून कळते.

मात्र मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्या तपासणीची वाट पाहू नका, कारण तुम्ही जे पाहिले ते पुरेसे आहे. टक लावणे, दबा धरणे, पाठलाग, पकड आणि ठार करणारा चावा, अशी शिकारीची एक साखळी असते. माणसाने हजारो वर्षे निवड करून कुत्र्यात ही साखळी मध्येच तोडली आहे. मेंढपाळी कुत्रा टक लावतो, दबा धरतो, पण सहसा चावत नाही. लांडग्यात ती शेवटपर्यंत शाबूत असते आणि संकरित प्राण्यात ती कुठे तुटली आहे हे आधी कळत नाही. पडणारे, अडखळणारे, बारीक आवाजात किंचाळणारे बाळ या साखळीला सुरुवात करून देते. त्यात राग नसतो, द्वेषही नसतो. म्हणूनच ‘तो स्वभावाने प्रेमळ आहे’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. करडावर दबा धरतानाही तो रागावलेला नव्हताच.

दुसरी गोष्ट वयाची. प्राण्याचे पिल्लू माणसाला आपले मानायला शिकते, त्याची एक ठरावीक मुदत असते. कुत्र्याच्या पिल्लात ती चार आठवड्यांच्या सुमारास सुरू होते. लांडग्याच्या पिल्लात ती दोन आठवड्यांच्या सुमारास, डोळे आणि कान अजून पुरते कामी लागलेले नसतानाच सुरू होते आणि लवकर संपते. तुमच्या पिल्लात लांडग्याचा अंश खरोखर मोठा असेल, तर ते सहा आठवड्यांचे होऊन आले तेव्हा त्यातला मोलाचा काळ उलटून गेला होता. (आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार मुळात चुकीचे आहे, हे जाता जाता सांगतो.)

आजपासून बाळ आणि हा प्राणी एका अंगणात, एका क्षणापुरतेही, मोकळे नसावेत. सासूबाई तूर निवडत ओट्यावर बसल्या आहेत, म्हणजे लक्ष आहे असे धरू नका. माझ्या नोकरीत कुत्रा चावलेली जी लहान मुले मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना ओळखीच्याच कुत्र्याने, घराच्या जवळच आणि मोठी माणसे आसपास असतानाच चावले होते. मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येते, त्यामुळे जखम चेहऱ्याला आणि मानेला होते.

उत्तर २ : नागपूरचा श्वानप्रेमी

डॉक्टरसाहेबांचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. माझ्याकडे बारा वर्षे मोठ्या जातीची कुत्री आहेत आणि माझी मुलगी त्यांच्यातच वाढली. सात महिन्यांचे कोणतेही पिल्लू दांडगाई करते. त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवले तर कोणत्याही जातीचा कुत्रा चिडका होईल. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकली ती साखळी. त्याला सकाळ-संध्याकाळ तासभर पळवा, योग्य वेळी त्याची नसबंदी करून घ्या, मुलाला जेवत्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ न जाण्याचे शिकवा, आणि मग पाहा. भीतीपोटी प्राणी काढून टाकणे ही पळवाट आहे, असे मला वाटते.

दिरांची बाजूही समजून घ्यावी. बेंगळुरूत पन्नास कोटींचा वुल्फडॉग घेतल्याची बातमी २०२५ मध्ये सर्वत्र फिरली आणि अनेक तरुणांच्या डोक्यात हे वेड भरले. तो दावा खरा नसल्याचे पुढे चौकशीत उघड झाले, पण ती बातमी कोणी फिरवली नाही.

उत्तर ३ : माळावरचा, वाशीम

श्वानप्रेमी भाऊ, साखळीबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. बाकीबद्दल माझ्या घरची गोष्ट सांगतो, मग ठरवा.

माझ्या लहानपणी आमच्याकडे कायद्याची कोणाला जाण नव्हती. पावसाने खचलेल्या एका नाल्याच्या काठातून माझ्या मोठ्या काकांनी लांडग्याचे एक पिल्लू आणले. त्याचे डोळे तेव्हा नुकतेच उघडले होते. आईने त्याला शेळीच्या दुधावर वाढवले आणि ते माझ्या गोधडीत झोपत असे. पहिले वर्षभर ते इतके मवाळ होते की गावातली पोरे त्याच्या तोंडात हात घालून दाखवत. दिरांना जी राखणीची आशा आहे, ती आम्हालाही होती. पण कापसाचा व्यापारी दारात आला की हा ‘लांडगा’ कडब्याच्या गंजीमागे जाऊन लपायचा आणि माणूस जाईपर्यंत बाहेर यायचा नाही. आमचा कानतुटका गावठी कुत्रा मात्र त्या व्यापाऱ्याला बैलगाडीवरून उतरू देत नसे.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याचे वागणे बदलले. तो काकांच्या आणि माझ्या वडिलांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहू लागला आणि अन्नाजवळ कोणी गेले की ताठ होऊ लागला. त्याच सुमारास माझा चार वर्षांचा चुलतभाऊ हातात भाकरीचा तुकडा घेऊन अंगणातून पळत होता. लांडग्याने मागून येऊन त्याला खांद्याशी धरले आणि एक झटका दिला. अंगात जाड लोकरीचा स्वेटर होता म्हणून दात कातडीपर्यंत पोहोचले नाहीत. खांद्यापासून बगलेपर्यंत तो स्वेटर उसवला. लांडगा गुरगुरला नव्हता, त्याने दात दाखवले नव्हते, आणि भावाला सोडल्यावर तो शांतपणे जमिनीवर पडलेली भाकरी खात उभा राहिला. काकूने तो स्वेटर पुन्हा विणला नाही, ट्रंकेत तसाच ठेवला.

त्या प्राण्याला आम्ही कधी मारले नव्हते, उपाशीही ठेवले नव्हते. दीड-दोन वर्षांपर्यंत तो पिल्लू होता आणि मग मोठा झाला, एवढेच घडले. तुमचा शेरा सात महिन्यांचा आहे, ताई. आज तो जे करतो ते त्याचे बालपण आहे.

उत्तर ४ : तालुक्याचा वकील, पुसद

कायद्यापुरते लिहितो. लांडगा हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे किंवा त्याची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा असून, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्याला किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. म्हणजे पिल्लाचा बाप आपल्याकडचा लांडगा आहे असे विकणारा खरे सांगत असेल तर तो स्वतःचा गुन्हा कबूल करतो, आणि खोटे सांगत असेल तर त्याने दिरांना साठ हजारांना फसवले आहे. दोन्ही बाजूंनी ते कार्ड आणि मोबाइलवरचे संभाषण जपून ठेवावे.

केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकातील धोकादायक जातींच्या यादीत वुल्फडॉगही होते. ते परिपत्रक कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले, म्हणून ‘बंदी आहे’ असे सांगणाऱ्यांवर विसंबू नका. मात्र पाळलेल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजारच्या वस्तीवरच्या मुलांचाही विचार करावा लागेल.

उत्तर ५ : गुरांचा डॉक्टर (निवृत्त), अमरावती

माळावरच्या भाऊंनी व्यापाऱ्याची जी गोष्ट सांगितली तिला मोठा इतिहास आहे. हॉलंडमध्ये लेंदर्ट सार्लोस यांनी १९३० च्या दशकात जर्मन शेफर्ड कुत्रा आणि लांडगी यांचा संकर केला, तो अधिक कणखर कामाचा कुत्रा मिळावा म्हणून. निघाला तो बुजरा आणि अनोळखी माणसापासून दूर पळणारा प्राणी. चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून सरकारी देखरेखीखाली असाच प्रयोग झाला, आणि पुढे कित्येक पिढ्या निवड करून त्यातून एक मान्यताप्राप्त जात तयार झाली. लांडग्याच्या रक्ताने धाडस वाढत नाही, भीती वाढते. जागलीसाठी हा प्राणी आणणे म्हणजे नांगराला हरीण जुंपण्यासारखे आहे.

श्वानप्रेमी भाऊ, तुमचे उपाय कुत्र्याच्या बाबतीत योग्यच आहेत आणि नसबंदी इथेही हवी. पण असा प्राणी जबाबदारीने ठेवायचा तर काय लागते ते पाहा. साखळी नको, हे बरोबर. तिच्या जागी आठ फूट उंचीची जाड वेल्डेड जाळी, तिचा वरचा भाग आतल्या बाजूला कललेला, खणू नये म्हणून आतून तीन-चार फूट रुंदीची जाळी जमिनीत पसरलेली, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडू नये अशी दोन दारे हवीत. रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावतो ते झटका मशीन इथे उपयोगाचे नाही; बुजरा प्राणी एकदा झटका खाल्ला तरी घाबरून उडी घेतो आणि बाहेर पडला की परत येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि त्याच्या अंगात हस्कीसारख्या थंड मुलखातल्या कुत्र्याची दाट दुहेरी लव असेल, तर त्याला दिवसभर पाणी आणि सावली लागेल. एवढे करून तो मुलांसोबत अंगणात खेळेल का, तर नाही. तो जाळीच्या आत राहील आणि मुले बाहेर राहतील.

रेबीजचेही सांगतो. कुत्र्यांसाठीची लस लांडग्याच्या संकरितांवर तपासून मान्य झालेली नाही. अमेरिकेतही या प्राण्यांसाठी मान्य अशी लस नाही. ती तरीही द्यावी, पण ‘लस दिली आहे, आता चिंता नाही’ असे मानू नये.

आणि कृपा करून त्याला रात्री गाडीत घालून जंगलात सोडू नका. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये सिद्ध झाले आहे. आपल्याकडे उरलेल्या थोड्या लांडग्यांचे रक्त त्यातून पातळ होते आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग त्यांच्यात शिरतो. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. प्राण्याची ओळख संशयास्पद असल्याचे तिथे सरळ सांगा.

प्रश्नकर्ती : दारव्ह्याकडची सून

सर्वांचे मनापासून आभार. ही सर्व उत्तरे मी दिरांना वाचून दाखवली. कायद्याच्या भागाने ते चिडले, जाळीच्या खर्चाचा हिशेब करून गप्प झाले, आणि माळावरच्या भाऊंचा स्वेटर वाचल्यावर उठून बाहेर गेले. रात्री जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला. १९२६ वर फोन त्यांनीच केला. वन कर्मचारी येऊन पाहणी करून गेले आणि तपासणीसाठी त्याचे केस घेऊन गेले. उत्तर येईपर्यंत शेराला घरापासून दूर, विहिरीजवळच्या जुन्या पंपघरात ठेवले आहे; त्याला दार आणि पक्के छत आहे. त्याला खायला दीर एकटेच घालतात. तो लांडगा नाही असे निघाले तर नसबंदी करून, मुले नसलेल्या आणि मोठे कुंपण असलेल्या एका परिचितांकडे त्याला द्यायचे ठरले आहे. तुरीच्या जागलीला दीर सध्या स्वतःच जातात.

एक लहानशी शंका राहिली. शेराला पिल्लूपणीची नेहमीची लस दिली होती, रेबीजची राहूनच गेली. परवा, म्हणजे त्याला पंपघरात नेण्याच्या आदल्या संध्याकाळी, मुलगा त्याच्याजवळ गेला होता आणि त्याचा गुडघा, जो सायकलवरून पडून खरचटला होता, शेराने चाटला. चावलेले नाही. तेवढ्याने काही करावे लागते का?

उत्तर ६ : गुरांचा डॉक्टर (निवृत्त), अमरावती

होय, ताई, आणि आजच. उघड्या जखमेवर चाटणे हे रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात मोडते. चावा नसला तरी फरक पडत नाही. गुडघा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. परवाची गोष्ट असली तरी धुवा. त्यावर हळद, चुना किंवा मिरची काहीही लावू नका. मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन ‘कुत्र्याने उघडी जखम चाटली, कुत्र्याला रेबीजची लस नाही, आणि तो लांडग्याचा संकरित असल्याचा संशय आहे’ हे तीनही शब्दशः सांगा. लसीसोबत जखमेत देण्याचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागेल. ते तिथे नसेल तर तिथूनच ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, परत घरी येऊ नका. कातडीतली लस असेल तर आज, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चार वेळा न चुकता न्यावे लागेल. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहतो का ते पाहून मग ठरवू, असे कोणी म्हणाले तरी लस सुरू करायला थांबू नका. तो दहा दिवसांचा नियम कुत्र्या-मांजरांसाठी आहे, अशा प्राण्यासाठी नाही. आणि त्या संध्याकाळी बाळही जवळ होते का, तेही एकदा आठवून पाहा.

प्रश्नकर्ती : दारव्ह्याकडची सून

बाळ सासूबाईंच्या कडेवर होते, अंगणाच्या पलीकडे. आम्ही निघालो आहोत. गाडी दीर चालवत आहेत.